तारेवरची बिनतारी कसरत

आमच्या घरात इंटरनेट आहे, पण ते बाहेरच्या खोलीत. संगणक आतल्या खोलीत. दोघांच्या मध्ये एक भिंत आहे आणि त्या भिंतीला गेल्या दिवाळीत नवा रंग लागला आहे. एवढं सांगितलं की डोंबिवलीतल्या कुठल्याही संसारी माणसाला पुढची गोष्ट आपोआप कळते. तरीही सांगतो, कारण तिच्यात माझे अडीच महिने गेले आहेत.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. तांब्याच्या तारेवर लँडलाइन होता, त्याच तारेवरून ब्रॉडबँड यायचं आणि मोडेम संगणकाच्या शेजारीच बसलेला असायचा. दोन फुटांची पिवळी वायर एकाच्या पाठीतून निघून दुसऱ्याच्या पाठीत शिरायची. वेग बेताचा होता, पण भांडण नव्हतं. मग फायबर आलं. खांद्यावर शिडी घेतलेला एक मुलगा आला, खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी वायर आत ओढली, टीव्हीच्या वर राउटर ठोकला आणि म्हणाला, "काका, आपलं काम इथपर्यंत. पुढचं सगळं वायफायवर." मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. त्याने दारातून डोकावून माझ्या संगणकाकडे पाहिलं. जुन्या वाड्यातल्या जात्याकडे पाहुणे बघतात, तसं.

"चालतो अजून?"

चालतो. २०१०च्या दिवाळीत बोनसमधून जुळवून घेतलेला आहे. ड्युअल कोअर प्रोसेसर, दोन जीबी रॅम, तीनशे वीस जीबीची हार्ड डिस्क. दुकानदार तेव्हा म्हणाला होता, "साहेब, ही तुमच्या हयातीत भरणार नाही." खरं बोलला. भरली नाही, आणि अजून हयातही आहे.

मुलगा बेंगळुरूला असतो. तो दर रविवारी फोनवर म्हणतो, "बाबा, तो डबा भंगारात द्या, मी लॅपटॉप पाठवतो." त्याला कळत नाही की माझं सगळं लिखाण श्रीलिपीत आहे. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी मराठी टंकायला अशी वेगळी सॉफ्टवेअर घ्यावी लागत, आणि त्यात लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की मराठीच्या जागी भलत्याच चिन्हांचा सडा पडे. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, मेहुणीच्या लग्नातली मी रचलेली मंगलाष्टकं, चार अर्धवट कादंबऱ्या, हे सगळं त्या लिपीत आहे. आणि त्या लिपीला कुलूप आहे. खरोखरचं कुलूप: यूएसबीत खोचायचा एक बोटभर तुकडा, तो असेल तरच मराठी उमटतं. त्यालाही डोंगलच म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे घोटाळा होणार आहे.

सरळ उपाय एकच होता. भिंतीला भोक पाडायचं आणि राउटरपासून संगणकापर्यंत वायर न्यायची. इलेक्ट्रिशियनला विचारलं, तो म्हणाला, पाच मिनिटांचं काम.

"भिंतीला भोक पडणार नाही," ही म्हणाली.

"अगं, करंगळीएवढं—"

"करंगळी काय नि अंगठा काय. रंगाचे पैसे दिलेत."

दरवाजाखालून वायर न्यायचा प्रस्ताव केर काढताना झाडूत अडकेल म्हणून फेटाळला गेला. चौकटीवरून न्यायचा प्रस्ताव 'दिसेल' या एका शब्दात निकाली निघाला. राउटरच आत आणावा, तर टीव्हीवरच्या मालिका इंटरनेटवरून येतात. तेव्हा वायरीचा विषय संपला आणि मी बिनतारी झालो.

मुलाने आठवड्यात एक कार्ड पाठवलं. मखमली खोक्यात, काळं, दोन शिंगांचं. "बाबा, कॅबिनेट उघडायचं, स्लॉटमध्ये कार्ड दाबायचं, बंद करायचं. दहा मिनिटांचं काम." माझ्या आयुष्यातली सगळी मोठी संकटं पाच किंवा दहा मिनिटांच्या कामांतून आलेली आहेत.

कॅबिनेट उघडलं. तुम्ही जर आपल्या संगणकाचं कॅबिनेट दहा-बारा वर्षांत उघडलं नसेल तर उघडू नका. वरच्या थराला धूळ म्हणणं हा धुळीचा अपमान आहे. ते धुळीचं कांबळं होतं. ते उचललं तर खाली हळद. मग कुंकू. मग अक्षता. दर खंडेनवमीला मी या यंत्राची पूजा करत आलो आहे, आणि देवाला वाहिलेलं कुठे जातं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते पंख्याच्या झरोक्यातून आत जातं. झेंडूच्या पाकळ्या वाळून पापडासारख्या झाल्या होत्या. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं होती, म्हणजे बाळंतपणही सुखरूप पार पडलं होतं. प्रोसेसर गरम राहतो म्हणून मी इतकी वर्षं कुरकुरत होतो. पालीने त्याची सोय करून घेतली होती.

हिने अक्षता बघून हात जोडले आणि मग टरफलं बघून किंचाळली.

साफसफाईत एक दुपार गेली. कार्ड बसवायला मागच्या बाजूची पत्र्याची पट्टी काढायची असते. महागड्या कॅबिनेटला तिथे स्क्रू असतो. आमच्याला पट्टी कापून अर्धवट सोडलेली होती, ती पुढे-मागे वाकवून तोडायची. शेवग्याची शेंग मोडतो तशी मोडली, बोटाला चिरा पडला, कार्ड 'टक्' करून बसलं. मी विजयी मुद्रेने बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. आतून एक लांब शिट्टी, मग पुन्हा शिट्टी.

याचा उपाय मात्र मला ठाऊक होता. रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची, परत बसवायची. हा उपचार आपल्या देशात कुणी काढला याचा शोध लागला पाहिजे. मी असा एकही मेकॅनिक पाहिलेला नाही जो रॅम घासत नाही, आणि दहांतली आठ यंत्रं त्याने उठतात. आमचंही उठलं.

उठलं, पण कार्डाला ओळखेना. मुलाला फोन लावला. तो मला एकेक गोष्ट वाचायला सांगत होता आणि मी वाचत होतो. 'विंडोज ७, बत्तीस बिट' एवढं वाचल्यावर पलीकडे शांतता पसरली. ते नव्या पिढीचं कार्ड होतं. त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोज १० आणि त्याच्या पुढच्यांसाठी, आणि तेही चौसष्ट बिटवाल्यांसाठी. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा. आमच्या कार्डाला मोडी येणारा दुभाषा हवा होता, आणि कंपनीने तो नेमलाच नव्हता.

"बाबा, विंडोज ७चा सपोर्ट २०२० सालीच बंद झाला."

झाला खरा. १४ जानेवारी २०२०. मी कॅलेंडरची जुनी पानं ठेवतो, म्हणून बघितलं: त्या वर्षी संक्रांत पंधराला होती, म्हणजे कंपनीने हात वर केले तो भोगीचा दिवस. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आई म्हणायची. आमचा संगणक तेव्हापासून काहीच खात नाही. पण विंडोज बदलायचं म्हटलं, तर माझ्या जुन्या श्रीलिपीचं आणि तिच्या कुलपाचं नव्या घरात जमेल याची हमी द्यायला कुणी तयार नव्हतं. कार्ड खोक्यात परत गेलं. शिंगं मात्र नात पाहुणी आली तेव्हा खेळायला घेऊन गेली.

मग मी ठरवलं, हे काम ऑनलाइनचं नाही, लॅमिंग्टन रोडचं आहे.

डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, पूल चढून पश्चिम रेल्वे, तिथून स्लोने ग्रँट रोड. स्टेशनातून बाहेर पडून कुणालाही विचारा. फक्त 'डॉक्टर दादासाहेब भडकमकर मार्ग कुठे' असं विचारू नका. तेच रस्त्याचं अधिकृत नाव आहे, पण त्या नावाने कधी कुणाला केबल मिळाल्याचं ऐकिवात नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला गव्हर्नर होते, आणि तिथे त्यांच्या नावाचा चॉकलेट-खोबऱ्याचा केक घरोघर होतो. एकाच माणसाच्या नावाने एका देशात केक आणि दुसऱ्या देशात एचडीएमआय केबल मिळावी, यावरून गव्हर्नरांच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही.

दुकान म्हणजे चार फुटांचं काउंटर. त्यामागे एक तरुण, त्याच्या डोक्यावर पोटमाळा. मी म्हटलं, वायफायचं डोंगल पाहिजे.

"अंकल, विंडोज कौनसा?"

"सेव्हन. बत्तीस बिट."

त्याने मोबाइल खाली ठेवला. मग पोटमाळ्याकडे मान वर करून हाक मारली, "ए, सेव्हनवाला पडा है क्या?" वरून काहीतरी हलवल्याचा, खोकल्याचा, पुन्हा काहीतरी हलवल्याचा आवाज आला. एक पाकीट खाली पडलं. त्यानं ते शर्टाला पुसून काउंटरवर ठेवलं. चिंचोक्याएवढा काळा तुकडा. पाकिटावर लिहिलं होतं, १५० एमबीपीएस.

"एवढ्याशा चिंचोक्यातून दीडशे?"

"लिखा तो है ना, अंकल."

या उत्तरातला प्रामाणिकपणा मला आवडला. सहाशे म्हणाला, मी तीनशे म्हटलं, साडेचारशेला तुटलं. वॉरंटी किती विचारलं तर म्हणाला, "टेस्टिंग वॉरंटी." म्हणजे दुकानात चाललं की त्याची जबाबदारी संपली आणि आपली सुरू झाली. मुलींची लग्नं पूर्वी याच अटीवर लागत.

घरी आलो. पाकिटात डोंगलच्या जोडीला एक छोटी सीडी होती, बशीत ठेवायच्या लाडवाएवढी. तिच्यात ड्रायव्हर. संगणकाला डीव्हीडीचा ड्राइव्ह आहे, पण त्याने शेवटचं तोंड उघडलं ते केव्हा, ते आठवेना. बटण दाबलं की आतून कण्हायचा आणि गप्प व्हायचा. अशा वेळी त्याच्या ओठाखालच्या बारीक भोकात टाचणी घालतात. हिच्या बांगडीतली सेफ्टीपिन घेतली, टोचली, जबडा उघडला. आत एक तबकडी होती. 'वाढदिवस २०१४'. ती तीन वर्षं हरवली म्हणून आमच्यात अबोला होता, त्या प्रकरणाचा निकाल माझ्या विरोधात लागला. नवी सीडी आत घातली. ड्राइव्ह पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि 'वाचता येत नाही' असं म्हणाला.

म्हणजे परिस्थिती अशी: इंटरनेट मिळवायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर इंटरनेटवर आहे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्याने केली तो माणूस नक्की संगणक दुरुस्त करत असणार.

शेजारची मुलगी अकरावीत आहे. ती वाटीभर साखर मागायला आली होती. तिने माझा चेहरा, उघडा जबडा आणि सेफ्टीपिन एकदा पाहिली. "काका, फोन द्या." चार्जिंगची वायर काढून फोन संगणकाला जोडला, फोनमध्ये कुठेतरी 'यूएसबी टेदरिंग' नावाचा खटका होता तो सरकवला, आणि कोपऱ्यात नेट लागल्याची खूण आली. एवढंच. फोन घरच्या वायफायवर होता. त्याने ते घेतलं आणि वायरीतून पुढे ढकललं.

"झालं की काका. डोंगल कशाला आणलं?"

साखर घेऊन ती गेली. मी पाच मिनिटं तसाच बसलो. पण विचार केल्यावर त्यातली खोच लक्षात आली. फोन संगणकाला बांधलेला म्हणजे फोन वाजला की आतल्या खोलीत पळत जायचं आणि वायरीच्या लांबीएवढंच वाकून बोलायचं. पंचवीस वर्षांपूर्वी मी याच खोलीत, याच कोपऱ्यात, असाच वाकून बोलत असे. त्या यंत्राला लँडलाइन म्हणत. नको. ड्रायव्हरपुरताच फोन वापरायचा.

पण साइट उघडेना. जी उघडायला जावी ती म्हणे, कनेक्शन सुरक्षित नाही. कुणी हॅकर माझ्या मंगलाष्टकांवर टपला की काय, अशी शंका आली. मग खालच्या कोपऱ्यात तारीख दिसली: १ जानेवारी २००९. बंद असतानाही घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. तो मेला होता. संगणकाच्या हिशेबाने त्याचा स्वतःचा जन्म व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षं होती, आणि साइटची प्रमाणपत्रं भविष्यातली असल्याने तो त्यांना खोटी समजत होता. रास्तच आहे. असाच सेल आमच्या बाथरूममधल्या वजनकाट्यात असतो. तो काढून इकडे बसवला. वजनकाट्यावर तसंही २०१९पासून कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

ड्रायव्हर उतरला, बसला. आता डोंगल खोचायचं. पुढच्या बाजूला दोन यूएसबी, त्यातला एक चालतो, त्यात श्रीलिपीचं कुलूप. म्हणून ते काढून मागे लावलं आणि डोंगल पुढे. की डोंगल मागे आणि कुलूप पुढे? दोन तास मी ज्या तुकड्याला 'नेटवर्क शोध रे' म्हणून विनवत होतो, काढत होतो, फुंकत होतो, परत घालत होतो, ते कुलूप होतं. डोंगल खिशात होतं.

ते लावल्यावर एकदम यादी उतरली. आमच्या इमारतीत इतकी वायफायं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. एकाचं नाव 'मोरया ५०२', एकाचं 'पासवर्ड मागू नये', एकाचं नुसतं 'अण्णा'. सगळ्यांच्या पाचही काड्या भरलेल्या. आमचं स्वतःचं सर्वांत खाली, एक काडी.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. टेबलाखाली पत्र्याचं कॅबिनेट, त्याच्या पाठीला भिंत, त्या दोघांच्या चिमटीत डोंगल. आणि राउटरच्या सरळ रेषेत सासऱ्यांनी लग्नात दिलेलं लोखंडी कपाट, आरशासकट. विटांच्या भिंतीतून लहर जाते, थोडी दमते पण जाते. लोखंडातून जात नाही. हे मी हिला शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं.

"कपाट हलणार नाही," ही म्हणाली. "बाबांनी दिलंय."

तेव्हा डोंगलच हलवायचं ठरलं. तीन मीटरची यूएसबी एक्स्टेंशन आणली, तिच्या टोकाला डोंगल लावलं आणि ते हातात धरून मी खोलीभर फिरलो. गच्चीवरचा अँटेना फिरवून 'आलं का?' 'आलं!' 'आता?' 'गेलं!' करणाऱ्या पिढीचा मी आहे. अनुभव कामाला आला. सगळ्यात चांगली जागा सापडली ती कॅलेंडरच्या खिळ्यावर. तिथे डोंगल टांगलं, चार काड्या आल्या, आणि मी जिंकलो. हा खिळा रंगाच्या आधीपासून होता, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

दुपारी चारला नेट गेलं. सव्वाचारला आलं. दुसऱ्या दिवशी चारला परत गेलं. तिसऱ्या दिवशी मी बसून राहिलो. चारला मायक्रोवेव्हचा 'टिंग' झाला. चहाचं दूध. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर दूध तापवतो आणि आमचं डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं. दोघं शेजारी-शेजारी, आणि मायक्रोवेव्हचा आवाज मोठा. पाच गिगाहर्ट्झवर हा त्रास नसतो, पण तो पट्टा आमच्या चिंचोक्याला येत नाही. २.४चा पट्टा आपल्या सरकारने २००५ साली परवानामुक्त केला. म्हणजे फुकट. हे ऐकल्यावर ही म्हणाली, "फुकटच्या डब्यात गर्दी होणारच."

आणि खरंच गर्दी होती. त्या पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांच्या मांडीवर न बसता नीट बसतील असे तीनच: एक, सहा आणि अकरा. अगदी लोकलचं बाक. तिघांचं असतं, चौथा 'जरा सरका' म्हणतो, आणि मग चौघांचंही अर्धं अंग बाहेर. आमच्या इमारतीत सहावर नऊ जण बसले होते. मी राउटरला अकरावर नेलं. दोन दिवस ऐसपैस. तिसऱ्या दिवशी 'अण्णा'ही अकरावर आले.

माझ्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याने फोनवर समजूत काढली. म्हणाला, वायफाय म्हणजे 'वायरलेस फिडेलिटी', निष्ठा आहे त्यात. मी ते खोडून काढलं. १९९९ साली एका नामकरण करणाऱ्या कंपनीने हाय-फायच्या चालीवर बेतलेलं ते नाव आहे. त्याला पूर्ण रूप नाही आणि निष्ठेचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडचं तर दुधाबरोबर पळून जातं.

आता घरात बिनतारी इंटरनेट आहे. त्यासाठी कॅबिनेटपासून कॅलेंडरपर्यंत तीन मीटरची काळी वायर भिंतीवरून गेली आहे, नव्या रंगावरून, आणि ती पडू नये म्हणून हिने स्वतः चार ठिकाणी पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे. भोक मात्र नाही.

संपादकांना एकच विनंती. हा लेख दोन तुकड्यांत मिळाला, तर दुसरा तुकडा सव्वाचारनंतर येईल. तोवर आमच्याकडे चहा चालू असतो.